पाच राज्यांचा तह जमवताना: युतीच्या खेळाच्या नोंदी, कोल्हापूर

आधी खेळ काय आहे ते. एक हॉल, एक दिवस, २५ खेळाडू, ३ पंच. जग कल्पित. पाच राज्यं, एकाचाही दुसऱ्यावर भरवसा नाही. उत्तरेकडून राखसेना येतेय, ती ज्या इलाख्यातून जाते तिथं पुन्हा काही उगवत नाही. पाचांनी तह करायचा आणि आठ फेऱ्या तो टिकवायचा. फेरी ४० मिनिटांची, खेळातले १० दिवस. लढाई फाशांवर आहे, पण ती दुय्यम. खरा खेळ तहाच्या कागदावर.

राज्यं अशी: वज्रघाट (घाटमाथा, किल्ले, लोखंड), काळवट (काळी माती, धान्य, तेलबिया), उभेरान (माळरान, घोडदळ), नीलखाडी (बंदरं, गलबतं, पैसा) आणि मेघमठ (फौज नावाला, पण राखेला अडवणारे दिवे फक्त यांनाच लावता येतात). एक दिवा एक इलाखा एक फेरी सांभाळतो आणि दोन माप तेल खातो. तेल काळवटचं. हा धागा मुद्दाम ठेवलाय.

दुसऱ्या गावात कुणी असा खेळ बसवणार असेल तर त्यांचे चार रविवार वाचावेत म्हणून या नोंदी.

१ जून

नकाशा: ४० इलाखे, ६ बाय ४ फूट, फ्लेक्सवर छापला. २४ चौरस फूट, १५ रुपये दर, ३६० रुपये. वाया गेले. फ्लेक्स चकचकीत असतो. ट्यूबलाइट थेट नकाशात दिसते, समोरच्या बाजूनं सीमारेषा वाचताच येत नाहीत आणि घडीचा उंचवटा राहतो तिथं सोंगट्या घसरतात. दुसऱ्यांदा मॅट व्हिनाइलवर छापून ५ मिलिमीटर सनबोर्डवर चिकटवला. व्हिनाइलचे ९६० गेले. पहिल्यांदाच हे करा.

मोजमापाच्या वस्तू: धान्याला चिंचोके, पैशाला कवड्या (महाद्वार रोडला मिळाल्या, पण महाग), लोखंडाला उद्यमनगरातून आणलेले किलोभर वायसर. तेलाला गुंजा घेतल्या होत्या. दिसायला झकास, पण गुंज विषारी. हॉलमध्ये लहान मुलं असणार, म्हणून परत केल्या आणि लाल मणी आणले.

८ जून, पहिली चाचणी (१० खेळाडू)

तह २२ व्या मिनिटाला झाला. सगळ्यांनी हात मिळवले, फौजा उत्तरेला पाठवल्या, पुढचे दोन तास फासे टाकणं. कंटाळवाणं.

चूक आमची. राखसेना पाचही राज्यांवर एकाच वेळी, सारख्याच जोरानं येत होती. आग सगळ्यांच्या घराला एकदम लागली तर सगळेच बादल्या घेऊन धावणार. शेजाऱ्याचं घर आधी जळणार हे माहीत असलं की माणूस पहिल्यांदा स्वतःच्या भिंतीला हात लावून बघतो, ती तापलीय का.

दुरुस्ती: राख आता वज्रघाटात दुसऱ्या फेरीला येते, मेघमठात तिसऱ्या, काळवटात चौथ्या, उभेरानात पाचव्या आणि नीलखाडीत सातव्या. म्हणजे ज्याच्याकडं पैसा आणि जहाजं, त्यालाच सगळ्यात कमी घाई.

शिवाय जुनी वैरं घातली. नमुना हाताशी होता: १७३१ चा वारणेचा तह, शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांच्यातला. त्यात गोडगोड शब्द कमी, काम जास्त. वडगावचं ठाणं पाडून टाकायचं. कोपळच्या मोबदल्यात रत्नागिरी. एकमेकांचे चाकर ठेवून घ्यायचे नाहीत. तुमच्याशी वैर करील त्याचं पारिपत्य आम्ही, आमच्याशी करील त्याचं तुम्ही. तुंगभद्रेपलीकडं अजून जिंकायचा असलेला मुलूखसुद्धा निम्मा-निम्मा वाटून ठेवलाय. भाऊबंदकीचं भांडण मिटवायलाही ठाणं, किल्ला, चाकर असं एकेक नाव घ्यावं लागतं. आमच्या पहिल्या मसुद्यात नुसतं ‘परस्पर सहकार्य’ होतं. ते खोडलं.

१५ जून, दुसरी चाचणी

आता उलटं. साडेतीन तासांत एकही तह नाही. पाचव्या फेरीला वज्रघाट आणि मेघमठ दोन्ही राख.

कारण शोधायला आठवडा गेला. आम्ही पाच वैरं दिली होती, त्यातली दोन न फिटणारी होती: ‘उभेराननं तुमचा राजपुत्र मारला’, ‘मेघमठानं तुमचा देव बाटवला’. यावर समोरचा देणार काय? खेळाडूंनी भूमिका चोख वठवली आणि खेळ ठप्प झाला. वज्रघाटवाल्यांनी मदत मागितल्यावर काळवटच्या दिवाणानं विचारलं, “आमी का मरायचं तुमच्या पायी?” आणि त्यावर द्यायला वज्रघाटाच्या हातात काहीच नव्हतं.

नियम ठरला: प्रत्येक वैराची किंमत टेबलावरच्या वस्तूंत मोजता आली पाहिजे आणि ते फेडायच्या दोन तरी वाटा हव्यात. आता तीनच वैरं आहेत:

काळवट–उभेरान: चराईची १२ गावं. गावं परत, नाहीतर फेरीला ८ चिंचोके.
वज्रघाट–नीलखाडी: घाटातली जकात. जकात निम्मी, नाहीतर घाटाच्या तोंडावरचं ठाणं पाडायचं (हे वडगाववरून).
मेघमठ–काळवट: तेलाची थकलेली उधारी. ६० कवड्या, नाहीतर दोन दिवे आधी काळवटात.

१६ ते २१ जून, धान्याचा हिशेब

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि गेला तो बरं झालं. आधी स्वार असो वा पायदळ, हजार माणसांना फेरीला एक चिंचोका धरला होता. त्यामुळं उभेरान सगळ्यांना हवंहवंसं झालं. घोडदळ जास्त जोरदार आणि खर्च तेवढाच, मग कोण सोडणार?

मग कागद घेऊन बसलो. माणसाला दिवसाला ८०० ग्रॅम धान्य. घोड्याला साडेतीन किलो चंदी (दाणा), वैरण वेगळी. लादणीच्या बैलावर १०० किलो. म्हणजे दहा हजार पायदळाला दिवसाला ८ टन, ८० बैल. दहा हजार स्वारांना माणसांचं ८ आणि घोड्यांचं ३५ मिळून ४३ टन, ४३० बैल. पाचपटीहून जास्त!

त्यावरून माप बसवलं. १ चिंचोका = हजार पायदळाची १० दिवसांची शिधा = ८ टन = ८० बैलांची लादणी. हजार स्वारांना ५ चिंचोके. बैल दिवसाला १५ किलोमीटर चालतो, इलाखा ७५ किलोमीटरचा, म्हणजे जाऊन-येऊन बरोबर एक फेरी. गलबत एका खेपेत १० चिंचोके नेतं, त्याला ८०० बैल लागले असते. नीलखाडीला का चुचकारायचं हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

फेरीचा खर्च: उभेरान २० हजार स्वार म्हणून १००, वज्रघाट ३०, काळवट २५, नीलखाडी १०, मेघमठ ५. एकूण १७०. आवक: काळवट ११०, नीलखाडी ३०, वज्रघाट १०, उभेरान १०, मेघमठ शून्य. एकूण १६०. ही दहाची तूट मुद्दाम आहे. पाचही फौजा पूर्ण उभ्या केल्या की कुणीतरी उपाशी राहतो. कुणाचे दोन हजार घोडे घरी पाठवायचे, हा पहिला खरा वाद. तूट वीसची करून बघितली, तर सगळे हताश होतात. पाचची केली तर कुणाच्या लक्षातच येत नाही. दहाच ठेवा.

धान्याला एवढं महत्त्व देऊन खेळ हिशेबनिसांचा होईल, असं एका पंचाचं म्हणणं. उत्तर १७९१ मध्ये आहे. टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र होते. इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपाशी पोचला, पण शिधा संपली, ओढणारे बैल मेले, वेढ्याच्या तोफा स्वतःच्या हातानं निकामी करून मे महिन्यात माघारी वळला. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज भेटली. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्य होतं, चढ्या भावानं का होईना. त्यावर इंग्रजांची फौज तगली. मित्राची फौज एवढ्या जवळ आहे हे कॉर्नवॉलिसला कळलंही नव्हतं, कारण टिपूचे स्वार पत्रं मध्येच अडवत होते. या एका प्रसंगातून दोन नियम घेतले: मित्राला धान्य कोणत्या भावानं विकायचं हे तहात लिहायचं (न लिहिल्यास विकणाऱ्याची मर्जी), आणि पत्र अडवलं जाऊ शकतं. दुसऱ्याबद्दल पुढं.

२२ जून, तिसरी चाचणी

सरसेनापती कोण, यावर ५० मिनिटं. त्याआधी कागदावर कुणाचं नाव वर, यावर १५. दुसरं सोपं निघालं. युरोपातल्या तहांत जुनी पद्धत आहे की प्रत्येकाच्या प्रतीवर त्याचं नाव आधी. पाच प्रती काढल्या, झेरॉक्सचे चार रुपये वाढले, भांडण संपलं.

सेनापतीचं मात्र तीनदा बदलावं लागलं. मतदान घेतलं तर लहान राज्यं मिळून मोठ्याला पाडतात आणि मोठं राज्य उठून जातं. पाळीपाळीनं दिलं तर प्रत्येकजण आपल्या पाळीला आपलाच मुलूख वाचवतो. शेवटी ठरलं ते असं: ज्याच्या इलाख्यात लढाई, हुकूम त्याचा, पण त्या फेरीत सगळ्या फौजांची निम्मी शिधाही त्याचीच. हुकूम महाग झाल्याबरोबर मागणाऱ्यांची गर्दी ओसरली. नीलखाडीनं तर वज्रघाटाला ‘तुम्हीच घ्या बुवा’ म्हणून सेनापतीपद बहाल केलं, आणि वज्रघाटाकडं चिंचोके होते अकरा.

२९ जून, ओलीस

तह मोडला तर काय? पहिल्या मसुद्यात ‘दंड ५० कवड्या’. नीलखाडीनं तो हसत भरला. पैसेवाल्याला पैशाचा दंड म्हणजे मोडायचा परवाना.

मग ओलिसांची कार्डं केली: राजपुत्र, राजकन्या, थोरला सरदार. कुणालाही फरक पडला नाही, कार्डच ते. १५६५ च्या लढाईआधी विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची जूट झाली तेव्हा अहमदनगरच्या चांदबिबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी लागलं आणि ज्या सोलापूरवरून अहमदनगर-विजापूर इतकी वर्षं भांडत होते ते सोलापूर आंदण गेलं. जिवंत माणूस आणि हाडवैराचं ठाणं, दोन्ही एकदम. आमच्या कार्डांत दोन्ही नव्हतं.

म्हणून आता ओलीस म्हणजे खेळाडूच. तुमच्या पाचातला एक उठून समोरच्या टेबलावर बसतो. त्याला स्वतःच्या माणसांशी बोलायचं तर मोठ्यानं, सगळ्यांदेखत. तह मोडला तर तो खेळातून बाद. हा नियम सगळ्यात चांगला चालला. अडचण एकच, ओलीस बसल्या बसल्या कंटाळतो. दोन दुरुस्त्या: दोन फेऱ्यांनी माणूस बदलायचा, आणि यजमानाची धान्याची वाटी ओलिसाच्या समोर उघडी राहील. त्यामुळं ओलीस हा हेरही होतो आणि यजमान त्याला चहा पाजून भलतीकडं बसवायला बघतो.

६ जुलै

आषाढी. निम्मी मंडळी नंदवाळच्या दिंडीत, चाचणी नाही. या आठवड्यात तहाचे नमुने आणि राज्यांची पत्रकं छापली. पावसाळी हवेनं साधा कार्डपेपर दोन दिवसांत पापडासारखा वळला. पत्रकं लॅमिनेट केली. तहाचे कागद लॅमिनेट करू नका, त्यावर पेन चालत नाही.

१३ जुलै, चौथी चाचणी (१८ खेळाडू)

पत्रं आणि स्वतंत्र सलोखा एकदम आणले. दोन नवे नियम एका दिवशी आणू नयेत. काय बिघडलं ते कळायलाच १ तास १० मिनिटं गेली.

पत्राचा नियम: टेबल सोडून बोलायला जायचं तर फेरीत एकदाच, दोघांनी. बाकी सगळं लखोट्यात. पंच फासा टाकतो, १ आला की पत्र राखसेनेची बाजू खेळणाऱ्या पंचाकडं. सुरुवातीला १ आणि २ दोन्ही ठेवले होते, तेव्हा लोकांनी पत्रं लिहिणंच सोडलं.

स्वतंत्र सलोखा: राखसेनेचा पंच कुणालाही गुपचूप पत्र पाठवू शकतो, ‘तुम्ही थांबा, तुमचे चार इलाखे सोडतो’. हे काढून टाका असं निम्म्या खेळाडूंचं मत पडलं, अन्याय वाटतो म्हणे. ठेवलं. पेशवे, निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांची इंग्रजांविरुद्धची चौकडी अशीच उसवली. नागपूरकरांना पैशानं थोपवलं, निजामाला गुंटूर देऊन थंड केलं, आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा हैदर तिकडं लढतच होता. युती आपसातल्या रागानं तुटते त्याहून जास्त वेळा एकेकाला मिळालेल्या चांगल्या भावानं तुटते. भाव नसेल तर खेळ खोटा.

पंचाची चूकही नोंदवायला हवी. त्यानं एकाच फेरीत तिघांना पत्रं पाठवली, तिघांनी ती एकमेकांना दाखवली आणि सगळा डाव उघडा पडला. आता फेरीत एकच पत्र, तेही चौथ्या फेरीनंतर.

२० जुलै, वाटणीचं कलम

कुणीही आधी लिहीत नाही आणि शेवटी सगळं त्यावरच अडतं. १७९० च्या टिपूविरुद्धच्या तहात जिंकलेला मुलूख तिघांत सारखा, आणि शांतता करायची ती सगळ्यांच्या संमतीनं, असं लढाईआधीच लिहिलं होतं. १७९२ ला टिपूचं निम्मं राज्य घेतलं तेव्हा वाटणी त्याच आधारावर झाली.

आमच्याकडं सारखी वाटणी ठेवली तर मेघमठ खूश आणि उभेरान रुसलेलं. फौजेच्या प्रमाणात ठेवली तर मेघमठ दिवे विझवायची धमकी देतं. आम्ही नियम केलाच नाही. कागदावर रिकामी जागा ठेवली: ‘मोकळे झालेले इलाखे ___ या हिशेबानं’. फक्त एक अट, ही जागा रिकामी असेल तर पंच सही मान्य करत नाहीत. या अटीनं तह सरासरी एक फेरी उशिरा होतो आणि बराच जास्त टिकतो.

तहाचा कागद आता एका पानाचा, सात कलमं: फौज किती, शिधा कुणाची, धान्याचा भाव, हुकूम कुणाचा, ओलीस कोण, वाटणी कशी, बाहेर पडायचं तर किती फेऱ्या आधी सांगायचं. शेवटचं कलम नसताना लोक न सांगताच निघून जात होते. असल्यावर निदान एक फेरी आधी धमकी देतात, आणि धमकीवर बोलणी होऊ शकतात.

२७ जुलै, खर्च

फुकट गेलेला फ्लेक्स ३६०, व्हिनाइल ९६०, सनबोर्ड १,३००, झेरॉक्स-लॅमिनेशन १,१४०, वायसर ११०, चिंचोके १२०, कवड्या ४५०, मणी ८०, लखोटे आणि लाख १९०, हॉल २,५००. एकूण ७,२१०. माणशी ३०० वर्गणीत बसतं, २९० चहाला उरतात. कवड्यांऐवजी बटणं घेतली तर आणखी वाचतील, पण कवड्या मोजताना जो आवाज येतो त्यानं शेजारच्या टेबलावरची माणसं माना वळवतात. त्या ठेवल्या.

१० ऑगस्ट, प्रत्यक्ष खेळ

१०:१५ ला सुरू. २५ पैकी २४ आले, मेघमठ चौघांवर चाललं आणि ते चालतं. तिसरी फेरी १५ मिनिटं लांबली, कारण धान्याची वही एकाच पंचाकडं होती. पुढच्या वेळी दोन वह्या.

तह १२:५० ला, चौथ्या फेरीत. वज्रघाटाचे तेव्हा दोनच इलाखे उरले होते. उभेराननं दोन हजार नाही, चार हजार घोडे घरी ठेवले आणि त्याबदल्यात काळवटकडून चराईची १२ गावं घेतली. हा सौदा आमच्या डोक्यातच आला नव्हता.

सहाव्या फेरीत राखसेनेचं पत्र नीलखाडीला गेलं: चार इलाखे सोडतो. नीलखाडीनं ते लपवलं नाही. भर सभेत वाचून दाखवलं आणि वाटणीतला आपला हिस्सा वाढवून घेतला. वाचताना मात्र चाराचे आठ केले. कागद हातात घेऊन बघावा असं कुणालाच सुचलं नाही, मेघमठाचा ओलीस शेजारी बसला होता त्यालासुद्धा. पंचांनी मध्ये पडायचं का, यावर डबे खाताना वाद झाला. नियम बदललेला नाही.

तह आठव्या फेरीपर्यंत टिकला, १९ इलाखे वाचले. बदलायचं ते एवढंच: उभेरानच्या पत्रकावर घोडे घरी पाठवले तरी ते फेरीला २ चिंचोके खातात हे लिहायचं राहून गेलंय, लाखेचे शिक्के पंख्याखाली बसत नाहीत, साधा डिंक आणायचा, आणि ओलिसाच्या खुर्चीचं तोंड धान्याच्या वाटीकडंच असलं पाहिजे, भिंतीकडं नाही.

चिंचोके मोजले तेव्हा ४१ कमी. २६ हॉल झाडताना सापडले.